शांत हाताची अक्षरं

सोयाबीनच्या कोंबांचे ओले कागद उलगडून उज्ज्वला तांबट मोजत बसली होती. चारशे दाण्यांतले किती धड उगवले, किती वाकडे आले, किती कुजले. जालन्याच्या बियाणं तपासणी प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं हेच करत आली होती. २०३८ साल उजाडलं, फोटो काढून मोजणारी यंत्रं आली, तरी शेवटची मोजणी आणि सही माणसाचीच लागायची. पावणेदोनशेच्या आसपास असताना फोन वाजला. अविनाशचा, तिच्या नवऱ्याचा.

"अगं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. का हो?"

"काही नाही. सहज."

"कामाच्या वेळेला सहज?"

त्याने सांगून टाकलं. "एकावन्न दाखवतंय."

उज्ज्वलाने डोळे मिटले. "रजेचा अर्ज लिहीत होते. साहेबांना काय कारण द्यावं कळेना म्हणून चारदा खोडला. त्याचे एकावन्न."

"असं होय. नाही, तू बेचाळीसच्या वर जात नाहीस ना कधी, म्हणून..."

"ठेवते," ती म्हणाली आणि फोन पालथा टाकला. एकशे त्र्याहत्तर की एकशे त्र्याऐंशी? तिने पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरुवात केली.

या आकड्याला सगळे 'ठेका' म्हणत. पुण्यातल्या एका संशोधन गटाने तो पाच वर्षांपूर्वी शोधला होता. माणूस फोनवर लिहितो तेव्हा एका अक्षरानंतर दुसरं उमटेपर्यंत किती वेळ जातो, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. निरोगी मनाचा माणूस 'की' लिहितो तेव्हा 'क' आणि वेलांटी एकाच झटक्यात येतात, कारण हाताला ती एकच गोष्ट वाटते. मन फार ओढलं जात असेल, तर हातावरचा मेंदूचा ताबा सैल होतो. अक्षर आणि मात्रा यांच्यात फट पडते. माणूस लिहितो, खोडतो, तेच पुन्हा लिहितो, पाठवायच्या खुणेवर बोट नेऊन मागे घेतो. अकरा हजार स्वयंसेवकांचं दोन वर्षांचं लिहिणं अभ्यासून या गटाने शून्य ते शंभर असा एक आकडा बसवला. आकडा चढत गेला की जिवाला धोका वाढत गेला, असा हिशेब. त्यातली सगळ्यांना आवडलेली गोष्ट अशी, की ठेका मजकूर वाचत नसे. तुम्ही काय लिहिता याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं, कसं लिहिता तेवढंच तो बघायचा.

सुरुवातीला तो फक्त मनोविकार तज्ज्ञांकडे होता. मग आत्महत्येचे विचार येणारे लोक ज्या ज्या ठिकाणी ऑनलाइन भेटतात, तिथे तो सक्तीचा झाला. गेल्या वर्षापासून तो घरच्या माणसालाही बघता यायला लागला. अविनाशने उज्ज्वलाला विचारून, तिच्यासमोरच तो आपल्या फोनवर घेतला होता. 'नको' म्हणायला तिच्याकडे तसं कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण नवऱ्याला ते कसं सांगणार?

तेव्हापासून घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली होती. ती आमटीत मीठ जास्त पडल्याबद्दल स्वतःवर चिडली, की अविनाश तिच्याकडे बघायच्या आधी फोनकडे बघायचा. आकडा कमी असला की निश्चिंत होऊन बातम्या लावायचा. पूर्वी तो विचारायचा, "काय झालं?" आता विचारायचा, "कशामुळे वाढला?"

सहा वर्षांपूर्वी उज्ज्वलाला जगावंसं वाटेनासं झालं होतं. वरून बघणाऱ्याला तिचं सगळं ठीक होतं. नोकरी होती, नवरा मायाळू होता, मुलगी शिकायला बाहेर गेली होती. पण रोज सकाळी उठलं की छातीवर ओली वाळू भरलेलं पोतं असायचं. त्या काळात शोधता शोधता ती 'ओटा' नावाच्या एका ऑनलाइन जागी पोचली. तिथे कुणी खरं नाव लावत नसे. साऱ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं. नाव-गाव विचारायचं नाही, मरायच्या तऱ्हांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि नवीन माणूस आला तर दहा मिनिटांच्या आत त्याला कुणीतरी उत्तर द्यायचंच. एवढेच नियम. उज्ज्वलाने 'पायरी' हे नाव घेतलं आणि लिहिलं, "मी कशाला आले माहीत नाही."

तीन मिनिटांत उत्तर आलं. "मलाही माहीत नव्हतं. जेवलीस का?" लिहिणाऱ्याचं नाव होतं 'कडीपत्ता'.

कडीपत्त्याने चाळीस दिवस रोज तिच्याशी गप्पा मारल्या. त्यातल्या निम्म्या खाण्याच्या असायच्या. शेंगदाण्याची आमटी पातळ कशी ठेवायची, भाकरीच्या पिठाला पाणी किती गरम लागतं. मध्येच तो सरळ विचारायचा, "आज मरायचा विचार आला होता का?" आणि उज्ज्वलाला ते विचारणं फार हलकं करून जायचं, कारण आजवर तसं कुणी विचारलंच नव्हतं. त्यानेच मागे लागून तिला डॉक्टरकडे धाडलं. औषधं, समुपदेशन, सगळं झालं. दीड वर्षाने ती सावरली आणि ओट्याच्या पाच राखणदारांपैकी एक झाली.

मग ओट्यावर ठेका आला. तो समजावून सांगायला पुण्याच्या त्या संशोधन गटातल्या डॉ. केतकी भाटवडेकर स्वतः पडद्यावर आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या, प्रामाणिक वाटणाऱ्या. "आकडा फक्त राखणदारांना दिसेल," त्या म्हणाल्या. "सत्तरच्या वर गेला की आमच्या नियंत्रण कक्षात त्या माणसाचा पत्ता आपोआप उघडतो आणि भेट पथक निघतं. एक परिचारिका, एक समाजसेवक. साध्या कपड्यांत. सत्तरच्या खाली पत्ता कुणालाच दिसत नाही. आम्हालाही नाही."

ठेक्याने जीव वाचवले, यात खोटं काही नव्हतं. पहिल्याच वर्षी ओट्यावरच्या नऊ जणांच्या दारात पथक वेळेवर पोचलं होतं. पण चाळीतल्या दारात दोन अनोळखी माणसं उभी राहिली की शेजारपाजारच्या खिडक्या उघडायच्याच. लोक पथकाला 'दारठोके' म्हणायला लागले. एका शिक्षिकेच्या शाळेतच दारठोके गेले, आणि पुढच्या आठवड्यात पालकांनी तिच्या वर्गातून मुलं काढून घेतली. मग कुणा पोराने 'इस्त्री' नावाचं एक ॲप काढलं. तुम्ही अडखळत, खोडत कसंही लिहा, इस्त्री ते एकसारख्या लयीत पुढे पाठवायची. सहा महिन्यांत ओट्यावरचे निम्मे लोक इस्त्री करून यायला लागले. सगळ्यांचे आकडे अठ्ठावीस, तीस, एकतीस. आणि एकदा आकडा झाकायची सवय लागली की शब्दही झाकले जायला लागले. "आज बरं आहे." "माझंही बरं." पूर्वी जिथे माणसं पोटातलं काढून ठेवायची, तिथे आता आजारी माणसाला भेटायला आलेल्या पाहुण्यांसारखं बोलणं चालायचं. उज्ज्वला रोज ओटा उघडायची आणि तिला कुठेतरी गॅस चालू राहिल्यासारखं वाटायचं.

कडीपत्ता मात्र इस्त्रीच्या विरुद्ध होता. "चुरगळलेलं असेल तर चुरगळलेलं दिसू दे," तो लिहायचा. त्याचा आकडा दोन वर्षं पस्तीस ते पन्नासमध्ये हेलकावे खायचा. उज्ज्वलाला तो आकडा त्याच्या आवाजासारखा ओळखीचा झाला होता.

एका गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला, डबा खाऊन झाल्यावर तिने ओटा उघडला. कडीपत्त्याने सकाळपासून सात जणांना लिहिलं होतं. एकाची वर्षभरापूर्वीची माफी मागितली होती. 'दुपार' नावाच्या मुलीला, जिचा स्वतःचा आकडा साठीच्या घरात असायचा, काळ्या मसाल्याची अख्खी कृती लिहून दिली होती. ती गेली दोन वर्षं मागत होती आणि तो "माझ्याबरोबरच जाईल ती" म्हणून चिडवायचा. शेवटी पायरीला लिहिलं होतं, "तू ओटा छान सांभाळतेस. आता काळजी नाही."

त्याच्या नावापुढे हिरव्या रंगात आकडा होता, अकरा.

उज्ज्वलाने अकरा कधी कुणाचा पाहिला नव्हता. एवढा कमी आकडा सुट्टीवर गेलेल्या कॉलेजच्या पोराचा असतो. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिने सकाळचे ते सातही निरोप पुन्हा वाचून काढले.

"इस्त्री लावलीस का?" तिने लिहिलं.

"छे. माझाच हात आहे. आज मस्त चालतोय."

"सरळ विचारते. मरायचं ठरवलंयस का?"

उत्तराला सेकंदसुद्धा लागला नाही. "हो." आणि लगेच, "कुणाचा राग नाही गं. मन शांत आहे. ठेकासुद्धा शांत म्हणत असेल बघ."

ती उठून बाहेरच्या व्हरांड्यात आली. एका हाताने "मी इथेच आहे, लिहीत राहा" असं पाठवलं आणि प्रयोगशाळेच्या मोबाइलवरून नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"ओट्यावरून राखणदार बोलतेय. पायरी. एका सभासदाकडे ताबडतोब पथक पाठवा."

"आकडा सांगा ताई."

"अकरा."

"एक्याऐंशी?"

"नाही. अकरा. दहा आणि एक."

पलीकडची मुलगी समजावायला लागली. "ताई, अकरा म्हणजे हिरवा आहे."

"मला दिसतोय रंग. पण त्याने स्वतः लिहिलंय, मरायचं ठरवलंय म्हणून."

"आम्हाला मजकूर बघायची परवानगी नाही. आणि सत्तरच्या खाली माझ्या पडद्यावर पत्ताच उघडत नाही ताई. मी खरंच सांगते, माझ्या हातात असतं तर... वरच्यांना विचारते. थोडा वेळ लागेल."

"विचार. मी फोन करत राहीन."

आता पत्ता देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता. उज्ज्वलाने ओट्याचा सगळ्यांत जुना नियम मोडला.

"तुझं नाव काय?"

"पायरी, नियम."

"मोडला. नाव सांग."

"कशाला?"

तिने लिहिलं, "निरोपच घ्यायचा होता, तर मी नसताना घ्यायचास. या वेळेला मी इथे असते, हे सहा वर्षं तुला माहीत आहे. तरी आत्ताच लिहिलंस. तुझ्यातल्या कुणाला तरी वाटतंय, मी विचारावं. म्हणून विचारतेय."

यावेळी उत्तर लगेच आलं नाही. 'लिहीत आहे' असं उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. अकराचे चौदा झाले.

"यशवंत उबाळे," शेवटी आलं. "वय एकसष्ट. सेलू. बस स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी. कंट्रोलर होतो स्टँडवर."

"मला इतकी वर्षं वाटत होतं, तू आचारी आहेस."

"सगळ्यांना वाटतं. आमटीमुळे."

"फोन करू का?"

"ऐकू येत नाही. सात वर्षं झाली, दोन्ही कान गेले. हेल्पलाइनवाले बोला म्हणतात. म्हणून तर ओटा."

तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारणाऱ्या माणसाचे कान जावेत, आणि मग बायकोही जावी, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. आता दोन ओळींत सांगितलं. उज्ज्वला लिहिता लिहिताच पायऱ्या उतरली आणि तिने अविनाशला फोन लावला.

"गाडी घेऊन या. सेलूला जायचंय. आत्ता."

"काय झालं? तुझा एकोणसत्तर..."

"अहो, माझा आकडा राहू द्या! एक माणूस मरेल. या."

सेलू जालन्याहून दीड तासावर. दीड तास फार होता. तिने ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "सेलूच्या जवळपास कोण आहे? कडीपत्त्याला आत्ता माणूस हवंय. ऐकू येत नाही त्याला. सोबत बसायला हवं. नाव-गाव सांगावं लागेल."

एकशे चौदा जण त्या वेळी ओट्यावर होते. कुणी काही लिहिलं नाही. मग एक ओळ आली, अडखळत, तुटक. "मी. मानवत. स्कूटी आहे. अर्धा तास." लिहिणारी दुपार होती. आकडा चौसष्ट.

उज्ज्वलाचं बोट थांबलं. स्वतः काठावर उभी असलेली पोर. हिला तिथे पाठवायचं? काही भलतंसलतं बघावं लागलं तर? दोघांना गमावलं तर? तिने दुपारला वेगळं लिहिलं, "तुझी स्वतःची तब्येत? खरं सांग. नाही म्हणालीस तरी चालेल."

"वाईटच आहे," दुपारने लिहिलं. "पण घरात बसून त्याची वाट बघणं त्याहून वाईट होईल. जाऊ दे मला. माझा नंबर घे. फरीदा बागवान. कपडे शिवते. जाताना सोबत आमच्या अम्मीलाही घेते, एकटी नाही जात."

उज्ज्वलाने पत्ता आणि प्रयोगशाळेच्या मोबाइलचा नंबर पाठवला. "दारात पोचलीस की आधी मला फोन कर. एकटी आत जाऊ नकोस. काही वेगळं वाटलं तर बाहेरच थांब, शेजाऱ्यांना हाक मार." मग तिने सेलूच्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधून तिथल्या डॉक्टरांनाही सगळं सांगितलं; ते एका बाळंतपणात अडकले होते, सुटताच निघतो म्हणाले. एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली, आणि दोन्ही फोन हातात घेऊन ती बसली.

पुढचा एक तास तिच्या आठवणीत कायमचा राहिला तो पडद्यामुळे. बाहेर परतूर रस्त्याचं ऊन, कपाशीची रानं, समोरून येणारे ट्रक, काहीही तिला दिसलं नाही. ती लिहीत होती. त्याने बंद करू नये म्हणून काहीही विचारत होती. सेलूहून पाथरीला पहिली गाडी किती वाजता? कंट्रोलरचं कधी भांडण झालं का कुणाशी? तो उत्तरं देत होता. आधी झरझर देत होता. मग वेळ लागायला लागला.

"बायको आजारी होती तेव्हा मी," एवढंच आलं. मग खोडलं. मग, "तिला शेवटी काय म्हणायचं होतं ते मला ऐकूच आलं नाही पायरी."

आकडा एकोणतीस.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळे माझ्याकडे यायचात. मी कुणाकडे जाणार?"

अडतीस. सेहेचाळीस. 'लिहीत आहे' येत होतं, जात होतं. अविनाशने गाडी चालवता चालवता एक तिरपी नजर टाकली. "वाढायला लागलाय की गं!" त्याचा आवाज चिरकला. "काय लिहितेस तू त्याला?"

"वाढू द्या."

"अगं पण..."

"वाढू द्या म्हणते ना! मघाशी त्याचं ठरलेलं होतं. आता त्याला परत जड जायला लागलंय."

आणि हे बोलतानाच तिला ते नीट कळलं. अकरा म्हणजे शांतता नव्हती, भांडण संपलेलं होतं. यंत्र माणसाच्या आतली ओढाताण मोजत होतं आणि ओढाताण असते तोवर दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असतं. तिने पहिल्यांदाच एखाद्या लाल होत जाणाऱ्या आकड्याकडे आशेने पाहिलं.

छप्पन्न. बासष्ट. आणि परतूर मागे पडल्यावर, एकाहत्तर.

अर्ध्या मिनिटात प्रयोगशाळेचा मोबाइल वाजला. नियंत्रण कक्षातली तीच मुलगी होती, धापा टाकत असल्यासारखी. "ताई, पत्ता उघडला! परभणीचं पथक निघतंय. त्यांना पोचायला पाऊण तास."

"त्यांना सांग, दार वाजवून उपयोग नाही. ऐकू येत नाही त्याला."

फोन ठेवते तोच फरीदाचा आला. बारीक आवाज. "ताई, दारातच उभी आहे मी. अम्मी पण आहे. किती वाजवलं, उघडेनात. खिडकी लावलेली आहे. काय करू?"

उज्ज्वलाने तो फोन कानाला धरला आणि दुसऱ्यावर लिहिलं, "यशवंत, तुझ्या दारात एक मुलगी उभी आहे. दार उघड."

"कोण"

"दुपार."

काही नाही. 'लिहीत आहे' नाही. आकडा तिथेच गोठलेला. अविनाशने गाडीचा वेग कमी केला, का ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. कानातल्या फोनवर फरीदाची अम्मी काहीतरी पुटपुटत होती.

मग पडद्यावर आलं, "ती कशाला आली? तिचं स्वतःचंच"

"हो. तिचं स्वतःचंच. तरी आलीय. उन्हात उभी आहे."

पडदा हलला नाही. मग कानात कडीचा आवाज आला, आणि फरीदा फोन चालू आहे हे विसरून म्हणाली, "काका, पाणी द्या की थोडं."

उज्ज्वला गाडीतच, दोन्ही फोन मांडीवर टाकून, हमसून रडली. अविनाशने गाडी बाजूला घेतली. त्याचा स्वतःचा फोन समोर अडकवलेला होता, त्याच्यावर तिचा आकडा असणार. त्याने तिकडे पाहिलं नाही. तिची पाठ चोळत बसून राहिला.

ती पोचली तेव्हा पथकाची परिचारिका यशवंतरावांचा रक्तदाब बघत होती. खाटेवर एका टोकाला ते बसले होते, उंच, वाळलेले, धुतलेला पांढरा सदरा घातलेले. दुसऱ्या टोकाला फरीदा. अम्मी स्वयंपाकघरात चहाचं बघत होती, जणू हे तिचंच घर. दवाखान्याचे डॉक्टर दाराशी उभे होते. यशवंतरावांनी उज्ज्वलाकडे पाहिलं.

तिने खिशातला कागद काढून मोठ्या अक्षरात लिहिलं, "मी पायरी. तुम्हाला बरं..."

त्यांनी कागद हातातून घेतला आणि 'तुम्हाला'वर काट मारली. मग खणखणीत, अजूनही माइकवरचा वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, "मला फार राग आलाय तुझा."

तिने मान हलवली. राग असू दे, असं तिला लिहायचं होतं, पण कागद त्यांच्याकडेच राहिला.

पुढे ते तीन आठवडे परभणीच्या रुग्णालयात होते. औषधं सुरू झाली. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्यांच्यासाठी बोलणं सोडून लिहिणं धरलं, समोरासमोर बसून, वहीत. फरीदाने स्वतःच आपलंही नाव त्याच बाईंकडे घातलं.

डॉ. भाटवडेकरांनी उज्ज्वलाला पुण्याला बोलावून घेतलं. दोन वर्षांच्या आलेखात ती एका रात्रीतली घसरण त्या बराच वेळ बघत राहिल्या. "आम्ही मूर्ख नव्हतो हो," त्या अखेर म्हणाल्या. "निर्णय झाल्यावर येणारी शांतता आम्हाला पुस्तकात माहीत होती. पण आमच्या अकरा हजार स्वयंसेवकांत तसे लोक नव्हते. कसे असणार? ते लोक अभ्यासात भाग घ्यायला उरत नाहीत." त्यांनी ठेका दुरुस्त केला. आकडा एकदम कोसळला, तर तोही आता धोक्यात धरला जायला लागला, आणि राखणदाराने शपथेवर सांगितलं तर आकडा न बघता पत्ता उघडायची सोय झाली. दोन महिन्यांच्या आत आकडा तिसावर खिळवून ठेवणारी नवी इस्त्री बाजारात आली. हे असंच चालायचं, हे उज्ज्वलाला दिसत होतं. ओट्यावर तिने यंत्राचं नाव न घेता एक नवा नियम घातला. रोज कुणीतरी कुणालातरी सरळ शब्दांत विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी घाबरून पळायचं नाही.

एका रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती. फोन समोर होता. यशवंतराव सेलूला परतले होते, बहीण येऊन राहिली होती. आदल्या रात्री झोप कशी लागली ते सांगून झालं. मग त्यांनी लिहिलं, "आता तू सांग. सहा वर्षांपूर्वी विचारायचो, नंतर तू राखणदार झालीस आणि मी विचारायचं सोडलं. चूक केली. तुला येतो का अजून मरायचा विचार?"

उज्ज्वलाने सवयीने 'बरं आहे' लिहिलं. खोडलं. 'ये' लिहिलं. खोडलं. मेथीच्या काड्या बोटांना चिकटल्या होत्या. तिने हात पदराला पुसले आणि पुन्हा तिथेच थांबली.

अविनाश चहाचे दोन कप घेऊन आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने कप खाली ठेवले. "काय गं?"

"यशवंतरावांनी विचारलंय, मरायचा विचार येतो का अजून."

तो उभाच राहिला. घरात इतकी वर्षं हे वाक्य मोठ्याने कुणी उच्चारलं नव्हतं.

"येतो," उज्ज्वला म्हणाली. फोनला नाही, त्याला. "रोज नाही. पण येतो. तुम्ही घाबराल म्हणून सांगत नव्हते."

अविनाश घाबरलाच होता, ते लपलं नाही. त्याचा हात काहीतरी शोधल्यासारखा खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

"शेवटचा कधी आला होता?" त्याने विचारलं.

उज्ज्वला सांगायला लागली.